मळीपासून फक्त अल्कोहोलच का? औद्योगिक जैवतंत्रज्ञान, सोलापुरातून पाहताना

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'बायो-ई-थ्री' नावाचं धोरण मंजूर केलं. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे हे तीन 'ई'. तेव्हापासून 'बायोइकॉनॉमी', 'बायोमॅन्युफॅक्चरिंग' असले शब्द मराठी पेपरांतही सर्रास दिसायला लागले. सोबतचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०१४ साली देशाची जैवअर्थव्यवस्था सुमारे १० अब्ज डॉलरची होती, २०२४ साली ती १६५ अब्जांवर गेली आणि २०३० चं उद्दिष्ट ३०० अब्ज. वाचून असं वाटतं, की बंगळुरू-हैदराबादेत पांढरे कोट घातलेले लोक काहीतरी अगम्य करत असणार, आपला काय संबंध!

संबंध आहे, आणि तो टेंभुर्णी, अकलूज, पंढरपूर, मंगळवेढा या रस्त्यांवर वासानंसुद्धा ओळखता येतो. सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत आणि त्यातल्या कितीतरींना डिस्टिलरी जोडलेली आहे. आपण तिला दारूचा कारखाना म्हणतो आणि विषय संपवतो. पण डिस्टिलरी हा जैवतंत्रज्ञानाचा कारखानाच आहे, फार तर जुन्या पद्धतीचा म्हणा. त्या १६५ अब्जांतला जवळपास निम्मा वाटा 'जैवऔद्योगिक' म्हणून दाखवला जातो आणि त्यात इथेनॉलसारखं, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलसारखं, जैवइंधन मोजलेलं असतं. थोडक्यात, या आकड्याच्या वाढीत उसाच्या ट्रॉल्यांचाही हात आहे.

जंतू पाळणे म्हणजे काय?

औद्योगिक जैवतंत्रज्ञान म्हणजे यीस्ट, बुरशी, जिवाणू यांच्याकडून किंवा त्यांच्या अंगातल्या एन्झाइमांकडून कारखान्याच्या प्रमाणावर माल बनवून घेणं. एन्झाइम हे एक प्रकारचं प्रथिन असतं. एरवी कडक आम्ल किंवा प्रचंड उष्णता लावून घडणारी रासायनिक क्रिया ते कोमट पाण्यात उरकतं. तिसरा शब्द 'वाण', म्हणजे हव्या त्या कामासाठी निवडलेली किंवा घडवलेली जंतूंची जात. एवढे तीन शब्द पुरे.

हा सगळा कारभार गोठ्यासारखा असतो. जनावरं डोळ्यांना न दिसणारी, एवढाच फरक. चारा लागतो, इथे तो साखर. जात चांगली लागते. पंढरपुरी म्हैस आपल्या कोरड्या हवेत, कमी चाऱ्यावर दूध देते म्हणून आपण ती जपली. तसंच गरम हवा आणि मळीतले क्षार सोसणारं यीस्ट डिस्टिलरीवाला जपतो. वारा-पाणी सांभाळावं लागतं, रोगराई आली तर एका रात्रीत सगळं बसतं. शेण निघतंच आणि ते कुठे टाकायचं हा प्रश्न दुधाइतकाच मोठा. शेवटचं म्हणजे, धार काढून भागत नाही, दुधाला गिऱ्हाईक लागतं.

हे पाचही मुद्दे ध्यानात ठेवा. बायोप्लास्टिक असो, इन्शुलिन असो वा कपडे धुण्याच्या पावडरीतलं एन्झाइम, प्रकल्प तरतो की बुडतो ते या पाचांतच ठरतं.

डिस्टिलरीत जवळ जाऊन पाहिलं तर काय दिसतं? मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा दाट पाक, पाण्यानं पातळ करतात. यीस्टला खुराक म्हणून त्यात युरिया आणि डीएपी टाकतात, शेतात टाकतो तेच. टाकीत फेस इतका येतो की तो मारायला टर्की रेड ऑइल, म्हणजे प्रक्रिया केलेलं एरंडेल सोडावं लागतं. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. टाकीचा पारा ३२-३३ अंशांच्या फार वर जाऊ द्यायचा नसतो आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये बाहेर ४२-४३ असतं, त्यामुळे थंड पाणी सतत फिरवणं भाग पडतं. दीड-दोन दिवसांनी टाकीत साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. बाकीचं ९० टक्के पाणी आणि गाळ. या पाण्यातून माल वेगळा काढायला वाफ लागते आणि खर्चाचा मोठा हिस्सा तिथे जातो. साखर कारखान्याकडे बगॅसवर, म्हणजे ऊस पिळून उरलेल्या चोथ्यावर, चालणारा बॉयलर आधीपासून असतो. चारा आणि वाफ एकाच आवारात मिळणं ही या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे. युरोपातल्या कंपन्यांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

निम्मी साखर हवेत जाते

आता शीर्षकातला प्रश्न. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हा साखरेच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. काही कारखाने तो पकडून बाटलीबंद पेयांसाठी विकतात, पण मूळ हिशोब तोच राहतो: एका टन साखरेचं व्यवहारात साधारण ६०० लिटर इथेनॉल. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे धरला तर हे झाले ३९ हजारांच्या आसपास. साखर कारखान्यावर क्विंटलला ३,८०० रुपयांनी विकली तर टनाचे ३८ हजार. म्हणजे एवढा खटाटोप करून किंमत जेमतेम तेवढीच! मग कारखाने इथेनॉल करतात कशासाठी? तेल कंपन्यांचे पैसे लवकर येतात, गोदामातली जादा साखर कमी होते आणि साखरेचा भाव सावरतो. कारणं रास्त आहेत, पण मूल्यवर्धन म्हणावं तसं यात फार थोडं आहे.

त्याच साखरेवर दुसरा जंतू पाळला तर? दही लावणाऱ्या जिवाणूंच्या गोतावळ्यातले काही जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यात वायू जवळपास सुटतच नाही. जेवढी साखर, कागदोपत्री जवळपास तेवढंच आम्ल. त्याच्या साखळ्या जोडल्या की पीएलए नावाचं प्लास्टिक तयार होतं. उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनी ही साखर कंपनी वर्षाला ८० हजार टनांचा असा प्रकल्प उभारत आहे, तर आपल्या जेजुरीत प्राज कंपनीनं २०२४ साली पीएलएचा प्रायोगिक कारखाना सुरू केला. काळी बुरशी साखरेचं सायट्रिक आम्ल बनवते. जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९१७ साली ते दाखवलं आणि आज शीतपेय, जॅम, औषधाची फसफसणारी गोळी, सगळीकडे तेच असतं. इथेनॉलला पेट्रोलच्या भावाशी झुंजायचं असतं, या मालाला ते बंधन नाही.

एक पाचर मात्र आहे. लॅक्टिक आम्ल साचलं की ते बनवणारा जिवाणू स्वतःच मरगळतो, म्हणून टाकीत चुना टाकत राहावं लागतं. शेवटी पारंपरिक पद्धतीत टनभर आम्लामागे साधारण टनभर जिप्सम उरतं. शेण कोणाला चुकलं नाही.

टॉवेलच्या शहरात एन्झाइम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये विचारा, तिथे 'एन्झाइम' शब्द कोणाला नवा नाही. मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ चढवतात. टॉवेल विणून झाला की ती खळ काढावीच लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही आणि टॉवेल पाणी पीत नाही. पूर्वी हे काम आम्लानं व्हायचं; चार मिनिटं जास्त झाली की सूत कमजोर. अमायलेज नावाचं एन्झाइम फक्त स्टार्च तोडतं, कापसाच्या तंतूला हात लावत नाही. जिवाणूंपासून काढलेलं अमायलेज कापडधंद्यात १९१७ पासून आहे, तेव्हा याला नवलाई म्हणण्यात अर्थ नाही. पेरॉक्साइडनं कापड पांढरं केल्यावर उरलेलं पेरॉक्साइड मारायला कॅटालेज वापरतात, त्यामुळे धुण्याच्या एक-दोन फेऱ्यांचं पाणी वाचतं. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हा फायदा समजावून सांगावा लागू नये. अंगावरचे बारीक गोंडे खाऊन कापड गुळगुळीत करणारं सेल्युलेज वेगळंच.

मला यातली गंमत अशी वाटते, की जिल्ह्याच्या एका टोकाला एन्झाइम बनवायला लागणारी साखर आहे, दुसऱ्या टोकाला एन्झाइम वापरणारा कापडधंदा आहे आणि मधला दुवा बाहेरून येतो.

आपल्याला जमत नाही का?

जमत होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि तिथे टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन निघू लागलं. पुढे देशात खासगी कारखानेही झाले. १९९० नंतर आयात खुली झाली, चीनमधून पेनिसिलिन-जी इतक्या कमी भावात येऊ लागलं की इथल्या टाक्या एकामागून एक बंद पडल्या. आपण ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या जगाला विकत राहिलो, पण त्या गोळीचा मूळ कच्चा माल चीनचा. कोविडच्या साथीत पुरवठ्याची साखळी ताणली गेली, तेव्हा दिल्लीला जाग आली. २०२० साली उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली आणि २०२४ साली आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. मधली जवळपास तीन दशकं गेली.

जाताना फक्त कारखाने गेले नाहीत, वाण सुधारण्याची सवयही गेली. पेनिसिलिनची बुरशी दर काही वर्षांनी जास्त 'दुभती' करत न्यावी लागते. ते काम थांबलं की नंतर वाण परदेशातून विकत घ्यायचा किंवा जुन्यावर भागवायचं, दोनच मार्ग उरतात. विकसनशील देशाच्या जैवउद्योगातली खरी मेख मला इथे दिसते. टाकी, पंप, पाइप आपण उत्तम बनवतो. पुण्याजवळच्या मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकलेली माणसं कुठल्याही डिस्टिलरीत भेटतात. पण जात कोणाच्या मालकीची, हा प्रश्न प्रकल्प अहवालाच्या शेवटच्या पानावर असतो.

वेगळी उदाहरणंही आहेत. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळुरूत बायोकॉन सुरू केली ती औषधांसाठी नव्हे. पपईच्या चिकापासून पॅपेन नावाचं एन्झाइम काढून निर्यात करायला. एन्झाइममधून जमलेलं कसब त्यांनी औषधांकडे वळवलं आणि २००७ साली एन्झाइमचा धंदा डेन्मार्कच्या नोवोझाइम्सला विकून टाकला. छोट्यापासून सुरुवात, मग महागड्या मालाकडे चढत जाणं. आपल्या कारखान्यांनी उलट केलं, मोठ्या टाक्या आणि एकच गिऱ्हाईक.

एकच गिऱ्हाईक असलं की काय होतं

७ डिसेंबर २०२३ ला साखरेचं उत्पादन घटेल या धास्तीनं केंद्रानं उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, पूर्ण उठली ती २९ ऑगस्ट २०२४ ला. मध्ये जानेवारीत मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क बसलं. कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांचा तो हंगाम कसा गेला असेल, ते त्यांच्या बँकांना विचारावं. दरम्यान मक्यापासूनचं इथेनॉल पुढे सरकलं, त्याला दरही लिटरला ७१ रुपये ८६ पैसे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं. म्हणजे आता वाढीला जागा कमी आणि वाटेकरी जास्त. इथेनॉलनंतर काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या आधी कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांना पडलाय तो यामुळे.

प्रयोगशाळेत जमलं, म्हणजे बाजारात जमेल?

नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका झुडपापासून मिळतं. कॅलिफोर्नियात जे कीसलिंग नावाच्या शास्त्रज्ञाच्या चमूनं यीस्टची जनुकं बदलून त्याच्याकडून या औषधाचं मूळ द्रव्य बनवून घेतलं. जगभर वाहवा झाली. सॅनोफी कंपनीनं २०१३ साली इटलीत मोठं उत्पादन सुरू केलं. तोवर झुडपापासूनचं आर्टेमिसिनिन इतकं स्वस्त झालं की यीस्टचा माल परवडेना. कंपनीनं काही वर्षांतच तो कारखाना विकून टाकला. या संशोधनातून उभी राहिलेली अमायरिस कंपनी पुढे दुसऱ्या उत्पादनांकडे वळली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. विज्ञानात खोट नव्हती. चाऱ्याचा भाव, वाफेचा भाव आणि समोरच्याचा भाव, या तिघांनी घात केला.

सोलापूरला यात आणखी एक अडचण आहे, हंगामाची. गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी होळीआधीच पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं. जैविक कारखाना मात्र वर्षातले तीनशेच्या वर दिवस चालला तरच कर्ज फिटतं. उसाचा रस काही तासांत नासतो. मळी आणि पाक टाकीत साठवता येतात, म्हणून खरा चारा तेच. पण तेवढी साठवण हवी आणि उरलेल्या महिन्यांत बॉयलरला जळण हवं.

'पाणी कुठून आणणार?'

हा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उजनी भरली तर ऊस, नाही भरली तर बोंब. बायोप्लास्टिकसाठी आणखी ऊस लावा असं कोणी म्हणत असेल तर त्याला नम्रपणे हात जोडावेत. हिशोब आहे त्या उसातच बसवायला हवा. आज पेट्रोलमध्ये जाणारी साखर उद्या कशात जाईल, एवढाच.

'मग साखर सोडा, पाचट आणि काडीकचरा वापरा' असा सल्ला मिळतो. तंत्र आहे. पानिपतमध्ये इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ साली सुरू झाला. पण काडीतली साखर मोकळी करायला लागणारी एन्झाइम महाग पडतात. शिवाय पंजाबात पेंढा जाळतात. मंगळवेढ्याचा ज्वारीचा कडबा कोणी जाळत नाही, त्याला बाजारात भाव आहे. आमच्याकडे फुकटचा कचरा फारसा नाही.

'वास आणि घाण?'

एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी निघतं, त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते ओढ्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगतात. भीमाकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नियमानं आता त्याचा थेंबही बाहेर सोडता येत नाही. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मुरवून खत करतात. जाळलेल्या राखेत पोटॅश असतं आणि भारत जवळपास सगळं पोटॅश आयात करतो, म्हणजे ही राख विकली जाते. नियम चांगला आहे. तो पावसाळ्याच्या एखाद्या रात्री पाळला जातो का, याची खात्री गावकऱ्यांनीच करायची असते.

'जनुकं बदललेले जंतू बाहेर पडले तर?'

भीती अनाठायी नाही, पण प्रमाणात ठेवावी. हे जंतू बंद टाकीत वाढतात, माल काढल्यावर उष्णतेनं किंवा रसायनानं मारले जातात, आणि १९८९ पासून यासाठी पर्यावरण कायद्याखाली नियम आहेत. मुख्य म्हणजे भरमसाठ माल देणारा वाण बाहेरच्या स्पर्धेत सहसा टिकत नाही. मधुमेहाचं इन्शुलिन १९८२ पासून अशाच जंतूंकडून येतं. मला जास्त काळजी स्पेंटवॉशची वाटते.

'बायोप्लास्टिक निदान कुजतं ना?'

पीएलए कुजतं, ५८-६० अंशांच्या औद्योगिक कंपोस्ट खड्ड्यात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नाल्यात फेकलेला पीएलएचा पेला पुढच्या यात्रेला तिथेच भेटेल. त्याचा फायदा खनिज तेलाऐवजी साखरेपासून बनण्यात आहे. कचऱ्याची गाडी आणि खड्डा ही महापालिकेची बाब, ती प्लास्टिक बदलून सुटत नाही.

'ऊसवाल्याला काय मिळणार?'

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच किमान भाव, टनाला ३,५५० रुपये ठरवली, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसाच्या वजनातून तेवढी साखर निघाली तर. त्यावरच्या वाटणीसाठी रंगराजन समितीचं सूत्र आहे: साखर, तसंच बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. या सूत्रात मळी मळीच्या भावानं धरली जाते. मळीचं पुढे लॅक्टिक आम्ल झालं, त्याचं प्लास्टिक झालं, तर त्या वाढीव किमतीतला हिस्सा आपोआप उसाच्या बिलात येत नाही. सहकारी कारखान्यात सभासद म्हणून तो मागता येतो. खासगी कारखान्यात किंवा वेगळी कंपनी काढून उभारलेल्या प्रकल्पात तो मागायचा कोणाकडे, हेही ठरलेलं नाही. रोजगाराचंही असंच. मोठी जैविक टाकी फार थोडी माणसं चालवतात. सोलापूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना तिथे पाळीतलं काम मिळेल आणि ते पुण्याला न जाता मिळेल, हा फायदा खरा. हजारोंच्या नोकऱ्यांची भाषा मात्र फ्लेक्सपुरती.

तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर उद्या 'जैवउत्पादन प्रकल्पास मंजुरी' असं आलं, तर नुसतं 'मंजूर, मंजूर' ओरडण्याआधी सभासदांनी उठून विचारावं. वाण आपला की भाड्याचा आणि भाडं किती वर्षं? पट्टा पडल्यावर टाक्या कशावर चालणार? माल घेणाऱ्याचा करार कागदावर आहे का, आणि त्यात भाव कोणी पाडला तर नुकसान कोणाचं? स्पेंटवॉश असो वा जिप्सम, ते कुठल्या गट नंबरच्या जमिनीत पडणार? आणि ही वेगळी कंपनी असेल तर तिच्या ताळेबंदात ऊसवाल्याचं नाव कोणत्या रकान्यात आहे?